कोण, का आणि काळीज

माझ्या आजारपणाची बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली.

संक्रांत होऊन चार-आठ दिवस झाले असतील. शाळेची वेळ होत आली होती, मी भाकऱ्या थापत होते, आणि दारात टांगा येऊन थांबला. टांगा रसूलचाचांचा. स्टेशनापासून आमच्या शाळेच्या रस्त्यानं ते टांगा हाकायचे, आणि उशीर झालेल्या मास्तरणींना वाटेत उचलून घ्यायची त्यांना सवय होती. पण ते घरी कधी आले नव्हते. मी पिठाच्या हातांनीच बाहेर आले. मला पाहून चाचांनी कपाळाला हात लावला.

"या अल्ला. बाई, तुमे उठके भाकऱ्यां कर रहे? दवाखाने चलो. टांगा लाया मैं. पैसे नक्को."

"कोण आजारी आहे, चाचा?"

"तुमे," चाचा म्हणाले.

टांग्यात मेथीच्या चार टवटवीत जुड्या होत्या. त्या बाजारातल्या तुळसाबाईंनी माझ्यासाठी पाठवल्या होत्या. चाचांशी बोलतेय तोवर पूजेची फुलं देणारी म्हातारी अंगारा घेऊन आली. तिनं काही न विचारता तो माझ्या कपाळाला लावला आणि कानडीतून मला उदंड आयुष्य मागून ती निघून गेली. आमचे हे रेल्वेत होते, रात्रपाळी संपवून तेवढ्यात घरी आले. त्यांनी अंगारा पाहिला, टांगा पाहिला, मेथी पाहिली आणि विचारलं, "आजारी तू असशील, तर मग ही एवढी मेथी निवडायची कुणी?"

आता हसू येतं. तेव्हा काही सुचेना. हे सगळं ज्या धड्यामुळे झालं तो धडा मीच शिकवला होता, म्हणून आधी त्याबद्दल सांगते.

मी सोलापुरात आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यातही जास्त करून सातवीला. सातवीतलं मूल मोठं अजब असतं. त्याला लहान म्हटलं तर राग येतो आणि मोठं म्हटलं तर ते लगेच काहीतरी फोडून ठेवतं. बाहेरच्यांना वाटतं, मराठीच्या बाई म्हणजे कविता पाठ करून घेणार आणि वहीत लाल रेघा मारणार. ते तर आम्ही करतोच. पण भाषा शिकवायची म्हणजे मुलाला आपलं म्हणणं दुसऱ्याच्या गळी उतरवता आलं पाहिजे, असं मला वाटायचं. माझ्या वर्गाला ते अजिबात येत नव्हतं. रजेचे अर्ज घ्या. सगळ्यांचं एकच कारण, 'पोट दुखत असल्यामुळे'. एकाला मी विचारलं, "तुझं पोट दर मंगळवारीच कसं दुखतं रे?" तर तो सरळ म्हणाला, "मंगळवारी बाजार असतोय की, बाई."

म्हणून मी मन वळवण्याचा धडा सुरू केला. ट्रेनिंगला असताना आम्हाला हा विषय जडजड नावांनी शिकवला होता. परीक्षा झाली तशी ती नावं गेली, पण गाभा लक्षात राहिला होता. एखाद्याचं मन वळवायचं तर तीन वाटा असतात. सांगणारा भरवशाचा आहे का, ही एक. सांगतोय त्यात काही कारण, काही हिशेब आहे का, ही दुसरी. आणि ऐकणाऱ्याच्या आत काही हलतंय का, ही तिसरी. सातवीच्या डोक्यात राहावं म्हणून मी फळ्यावर तीनच शब्द लिहिले. कोण, का, काळीज.

उदाहरणं शोधायला लांब जावं लागलं नाही. सोलापुरात चादरीच्या दुकानात जाऊन बसलं तरी तिन्ही ऐकायला मिळतात. दुकानदार आधी म्हणतो, "आमच्या आजोबांपासून इथंच बसतोय, कधी तक्रार आली न्हाय." हा झाला कोण. मग चादर उलटीपालटी करून म्हणतो, "दोन्ही बाजूंनी वापरा, धुवा, पिळा, रंग गेला तर परत आणून टाका." हा का. आणि तरी गिऱ्हाईक उठायला लागलं, की शेवटचं काढतो, "लेक सासरी चाललीय म्हणता. थंडीत अंगावर घेईल तेव्हा तिला आईची आठवण यील." की आई पिशवी उघडतेच. हा काळीज.

मुलांना हे इतकं आवडलं की मलाच भीती वाटायला लागली. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत ती पाळण्यात बसायची सोडून दंतमंजनवाल्याची बडबड ऐकत उभी राहायला लागली. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगायची, "बाई, त्यानं आधी काळीज केलं, मग का केलं, कोण केलंच न्हाय." पालकही येऊ लागले. एक गिरणी कामगार भोंगा व्हायच्या आत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, पोराला काय शिकवलंय? जेवायला बस म्हनलं तर 'का?' म्हनतंय." एक आई आली ती डोळे पुसतच. पोरीनं नवी रिबन मागताना 'आई, तू ल्हान असताना तुला कुनी रिबन आनली व्हती का गं' असं विचारलं होतं, आणि ती बाई त्यावर दुपारभर रडली होती. रिबन अर्थातच मिळाली होती.

या सगळ्यांत वस्ताद निघाला मल्लिनाथ. आम्ही त्याला मल्लू म्हणायचो. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे तोंडाचा पट्टा चालू. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात म्हणतात, पण मल्लूनं बोरांच्या बिया विकून दाखवल्या असत्या. थंडीत ज्वारी हुरड्याला आली तशी वर्गाला होटगीजवळच्या त्याच्या मामाच्या शेतात हुरडा खायला जायची लहर आली. आमचे हेडसर म्हणजे सुट्टीच्या नावानं शंख. पोरांनी मल्लूला पुढं केलं. हेडसर मूळचे केम गावचे, हे त्यानं आधीच शिपायाकडून काढून घेतलं होतं. आत जाऊन हुरड्याचं नावही न काढता तो म्हणाला, "सर, केमला अजून ज्वारी लागते का हो? ह्या दिवसांत शेकोटीला कणसं भाजल्याचा वास यायचा म्हणतात." हेडसरांनी चष्मा काढून पुसला. मग बराच वेळ ते आपल्या लहानपणाबद्दल बोलत होते. शनिवारी आम्ही हुरडा खाल्ला. सगळ्यांत जास्त हेडसरांनी खाल्ला.

मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. स्टाफरूममध्ये मी मल्लूचा किस्सा चहाबरोबर सगळ्यांना ऐकवला.

चूक झाली ती मास्तरकीतली. फळ्यावर पहिला शब्द 'कोण' होता, पण शिकवायला मी सुरुवात केली 'काळीज'पासून, कारण त्यात मजा होती. मग 'का' घेतलं. 'कोण' राहिलं. स्नेहसंमेलन आलं, घटक चाचणी आली, पोर्शन मागे पडला. 'कोण' चाचणीनंतर बघू, असं मी म्हटलं. आम्हा शिक्षकांना पोर्शनमधला कुठलाही भाग कुठंही सरकवता येतो असा एक भ्रम असतो. आणि 'कोण' शिकवायचा राहिलेला असतानाच मी गृहपाठ दिला. बाजारात जा, एका अनोळखी माणसाचं मन वळवा आणि त्याच्याकडून एक लहानसं चांगलं काम करून घ्या. पैसे मागायचे नाहीत, हे मी दोनदा बजावलं. खोटं बोलायचं नाही, हे बजावलं नाही. ते काय सांगायला हवं, असं वाटलं.

आता पुन्हा त्या सकाळकडे येते. आदल्या दिवशी झालं होतं असं. तुळसाबाई रोज पहाटेच्या गाडीनं होटगीहून भाजीच्या पाट्या घेऊन यायच्या. भाजीच्या रांगेत त्यांचा शब्द चालायचा. मल्लूनं त्यांना गाठून बाईंसाठी एक जुडी मेथी मागितली. "फुकट का देऊ?" असं त्यांनी विचारल्यावर मल्लूची जीभ सुटली. बाई फार आजारी आहेत. छातीला हात धरून शिकवतात. घरी कुणी बघायला नाही. डॉक्टरांनी हिरवी भाजी सांगितलीय, पण बाई कुणाला सांगत नाहीत, खडूच्या धुरळ्यात उभ्या राहून आम्हाला कविता शिकवतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. एका जुडीच्या चार झाल्या, रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले आणि रसूलचाचांनी घोडा जुंपला.

मल्लूला मी शाळेत ओरडले नाही. शाळा सुटल्यावर त्याला घेऊन बाजारात गेले. वाटेत तो म्हणाला, "बाई, पण काळीज बरोबर केलं होतं ना?" मी उत्तर दिलं नाही, कारण बरोबर केलं होतं.

तुळसाबाई पाटीवरचं ओलं पोतं झटकत होत्या. मला धडधाकट चालत येताना पाहून त्यांच्या सगळं ध्यानात आलं. मेथीचे पैसे मी पुढे केले, ते त्यांनी बाजूला सारले. त्या चिडतील, शिव्या देतील अशी माझी तयारी होती. पण त्या मल्लूकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "मेथीचं काय न्हाय रे. काल घरी गेले आन तुज्या बाईच्या नावानं देवापाशी दिवा लावला. लेकीला बी सांगितलं, हात जोड म्हनलं. आता त्या दिव्याचं काय करू, सांग."

मल्लू पाटीतली वांगी उगाच नीट लावू लागला.

"पुन्यांदा माज्याम्होरं तोंड उगडू नगंस," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला वांगी दाखवू लागल्या.

परत येताना मला त्या पोरापेक्षा स्वतःचीच लाज वाटली. पण खरी अडचण पुढंच होती.

त्याच आठवड्यात पद्मा शाळेत यायची बंद झाली. पद्मा आमच्याच वर्गातली, घरी तेलुगू बोलणारी, विणकराची मुलगी. चार वाक्यं बोलायला तिला आठवडा लागायचा. तिच्या घरी गेले तर माग बंद होता, आणि मागाचा आवाज नसलेलं घर मी त्या वस्तीत कधी पाहिलं नव्हतं. तिची आई मोठ्या दवाखान्यात होती. पोटाचं ऑपरेशन करायला हवं होतं, पण अंगात रक्त उरलं नव्हतं. त्या काळी रीत अशी होती, की रक्त हवं असेल तर आधी तुमच्या माणसांनी द्यायचं, मग त्याबदल्यात जुळणारं मिळायचं. डॉक्टरांनी तीन माणसं आणायला सांगितली होती. पद्माच्या वडिलांनी रक्त दिलं होतं. एरवी चार माणसांचं काम करणारा तो माणूस देऊन आल्यापासून भिंतीला टेकून बसला होता. "दोन आणखी पायजे, बाई," तो म्हणाला. "भावाला सांगितलं. तो बायकोच्या गावाला निघून गेला."

रक्ताची लोकांना तेव्हा फार भीती. एकदा दिलं की माणूस कायमचा खचतो, हात चालत नाही, असं समजलं जायचं. हातावर पोट असलेल्यांना त्या भीतीबद्दल मी काय बोलणार?

वर्गात सांगितलं तशी मुलं कामाला लागली. डॉक्टरांकडून मी 'का' समजून घेतलं, की शरीर दिलेलं रक्त परत बनवतं, ताकद जात नाही, आणि मुलांना ते नीट शिकवलं. पहिला मोर्चा स्टाफरूमवर आला. त्या दिवशी असं कळलं, की आमच्या शाळेत एकही माणूस धडधाकट नाही. कुणाला लहानपणी विषमज्वर झालेला, कुणाची चक्कर जुनी, कुणाला घरच्यांना विचारायचं होतं. हेडसर खरोखर तयार होते, पण त्यांना साखरेचा आजार होता आणि डॉक्टरांनी नको म्हटलं. विणकरांच्या गल्लीत लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि मागावर जाऊन बसायचे. बाजारात तर पोरांना कुणी उभंच करेना. "परवा बाई, आता आई," एक कांदेवाला म्हणाला. "उद्या हेडमास्तर मारशिला का रं?"

तेव्हा मला माझा राहिलेला पोर्शन आठवला. वरातीमागून घोडं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी नीट कळलं. 'कोण' हे बोलून दाखवता येत नाही, करून दाखवावं लागतं, एवढं तरी मला ठाऊक होतं. म्हणून ठरवलं, आपण स्वतः रक्त द्यायचं, म्हणजे लोक बघतील. सुईची मला इतकी भीती, की लहानपणी देवीची लस टोचणारा आला की मी धान्याच्या कणगीमागे लपायचे. तरी गेले. चार मुलं आणि रसूलचाचा साक्षीला. नर्सबाईंनी मला काट्यावर उभं केलं. त्यांनी काट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"बाई, तुमचं वजनच भरत नाही," त्या म्हणाल्या. "रक्त कुठून घेऊ? घरी जा, दूधभात खा."

पुढं काय झालं असेल ते सोलापूरकरांना सांगायला नको. मी घरी पोचायच्या आत बाजारात बातमी पोचली. डॉक्टरांनी बाईंचं रक्त घेतलं नाही. म्हणजे बाई खरंच आजारी आहेत. म्हणजे ते पोरगं खरं बोलत होतं की. ज्यांनी मुलांना हाकललं होतं तेच आता रस्त्यात मला थांबवून छातीत दुखतंय का विचारू लागले. फुलवाल्या म्हातारीनं अंगाऱ्याची दुसरी पुडी आणली. पद्माच्या आईचा विषय बाजूलाच राहिला. आमचे हे पोट धरून हसले, आणि मीही हसले, पण मग मला रडू आलं. ऑपरेशन दोन दिवसांवर होतं.

दुसऱ्या दिवशी मल्लू माझ्याकडे आला. त्यानं भाषण लिहून आणलं होतं. "मी तुळसामावशीकडं जातो," म्हणाला. मी ते वाचलं. त्यात डॉक्टरांचा हिशेब होता, पद्माचं वर्णन होतं, शेवटी माफीही होती. सातवीच्या मुलानं लिहिलेलं त्याहून चांगलं भाषण मी कधी वाचलेलं नाही. दोन वाक्यं मी आणखी घट्ट केली. माझ्यातली मास्तरीण तेव्हाही गप्प बसेना.

संध्याकाळी मल्लू, पद्मा आणि मी बाजारात गेलो. भाजी संपत आली होती. मी थोडी लांब, नारळवाल्याच्या दुकानापाशी थांबले. मल्लू तुळसाबाईंच्या पाटीसमोर जाऊन उभा राहिला. त्यांनी वर पाहिलं. त्यानं श्वास घेतला, तोंड उघडलं आणि मिटलं.

मला वाटलं, विसरला. ओळ सुचवावी म्हणून मी पुढं सरकणार होते. एक गिऱ्हाईक आलं, मल्लू बाजूला झाला. गिऱ्हाईक कोथिंबीर घेऊन गेलं, तो पुन्हा समोर येऊन उभा राहिला. कागद मुठीत चुरगळला होता. त्याच्या शेजारी पद्मा, ती तर एरवीही बोलत नसे. दोघं तशीच उभी. आणखी एक गिऱ्हाईक आलं आणि गेलं. ज्या पोराला गप्प बसवायला मला वर्षभर छडी आपटावी लागली, तो तिथं ओठ दाबून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय रं?" तुळसाबाई शेवटी म्हणाल्या. "आज का बोलंना?"

"तुम्हीच म्हणालात की," मल्लू म्हणाला. "तोंड उघडू नको म्हणून."

तुळसाबाईंनी तराजू खाली ठेवला. मग त्यांनी पद्माला विचारलं, "तुजी आय व्हय, दवाखान्यात?"

"अम्मा," पद्मा म्हणाली. तिला तेवढंच सुचलं.

तुळसाबाईंनी उरलेली वांगी शेजारणीच्या पाटीत ओतली, पाटीवर पोतं टाकलं आणि त्या उठल्या. "चल. कुटं जायाचं ते दाव."

टांगा रसूलचाचांचाच होता. वाटेत तुळसाबाईंनी मला हळूच विचारलं, "बाई, लई दुकतं का हो?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही, माझं तर त्यांनी घेतलंच नाही. तेव्हा त्या हसल्या. दवाखान्यात त्यांनी माझा हात इतका गच्च धरला होता की सुई त्यांना टोचली पण ओरडले मी. त्या उठून बसल्या, चहा प्यायल्या, आणि बाहेर बाकावर बसलेल्या चाचांना म्हणाल्या, "काय न्हाय हो, मुंगी चावल्यावानी. तुमी बी जावा की." चाचा घोड्याचं निमित्त सांगू लागले. "घोडा म्या धरते," तुळसाबाई म्हणाल्या. "मेरा बी देखो फिर," असं पुटपुटत चाचा आत गेले. इतकी वर्षं मुलांना मन वळवायला शिकवलं, पण घोडा धरण्याइतका सोपा मुद्दा मला कधी सुचला नव्हता.

आता पुढचं थोडक्यात. ऑपरेशन झालं. पद्माची आई बरी झाली आणि तो माग पुन्हा वाजायला लागला. पद्मा पुढं शिकली, नर्स झाली, आणि तिच्या वॉर्डात ती फार बोलते असं ऐकते. मल्लूचं चादरीचं दुकान आहे. मी गेले की तो चादर उलगडून समोर पसरतो आणि गप्प बसतो. "काही सांगशील की नाही?" असं एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "हात लावून बघा, बाई." राहिलेला 'कोण' मी पुढच्या आठवड्यात शिकवायला घेतला. फळ्यावर शब्द लिहून मागे वळले, तर सगळा वर्ग मल्लूकडे बघत होता. मी खडू ठेवला आणि व्याकरण काढायला सांगितलं. त्यानंतर जितकी वर्षं शिकवलं, तितकी वर्षं सुरुवात 'कोण'पासून केली.

पण त्या धड्याचा शेवट माझ्या लेखी त्या संध्याकाळीच स्टेशनावर झाला. दवाखान्यातून निघेपर्यंत तुळसाबाईंची नेहमीची गाडी गेली होती. पुढच्या गाडीला त्यांना बसवून द्यायला आम्ही सगळे गेलो. त्या डब्यात खिडकीशी बसल्या. रिकामी पाटी मल्लूनं बाजारातून डोक्यावरून आणली होती, ती त्यानं खिडकीतून आत दिली आणि तो प्लॅटफॉर्मवर उभा राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "आता बोलू का?"

"बोल की."

"त्या दिव्याचं काय केलंत?"

तुळसाबाईंनी पाटी पायाशी नीट ठेवली. "काय करनार? रोज लावतीया. लावलेला दिवा मदीच कसा इजवायचा?" त्यांनी पद्माकडे पाहिलं. "आदी तुज्या बाईच्या नावानं व्हता. आजपासनं हिच्या अम्माच्या नावानं. दिव्याला काय, कुनाच्या बी नावानं जळतोय. त्येल तेवडं घालाया लागतंय."

शिट्टी झाली, गाडी हलली. मल्लू खिडकीबरोबर चालू लागला. आता तो काहीतरी बोलेल, निदान माफी तरी मागेल म्हणून मी वाट पाहत होते. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत तो खिडकीच्या गजाला हात लावून चालत गेला, आणि तुळसाबाईंनी आतून त्याच्या हातावर हात ठेवला होता.